मालक नावाचं पाखरू

सरजाबाई सोमवारला सोमवार म्हणत नाही. महादेवाचा वार म्हणते. तिच्या सासऱ्यांचं नाव सोमाजी होतं. सासूचं नाव तुळसाबाई, म्हणून दारातल्या तुळशीला ती 'वृंदावनातलं झाड' म्हणते आणि खोकला झाला की त्याच झाडाची पानं उकळून पिते. सासूसासरे जाऊन पुष्कळ वर्षं झाली. आमच्याकडच्या जुन्या बायका सासरच्या थोरांची नावं घेत नसत, आणि त्या नावांशी जुळणारा दुसरा शब्दही तोंडात येऊ देत नसत. त्यांच्या सुनांनी ते केव्हाच सोडलं, सरजाबाईनं मात्र नाही.

तिच्या नवऱ्याचं नाव खंडेराव. गाव त्याला लहानपणापासून खंड्याच म्हणतं. त्यामुळे खंडोबा तिच्यापुरता मल्हारी झाला. पण दुधना नदीच्या काठावर बाभळीच्या फांदीवर बसणारं, निळ्या पाठीचं, लांब चोचीचं, पाण्यात सूर मारून मासा उचलणारं जे पाखरू आहे, त्याचं नावही खंड्याच. त्याला मल्हारीसारखं दुसरं सोयीचं नाव नाही. मग ती 'ते निळं' म्हणायची, नाहीतर नाकापुढं दोन बोटं जुळवून चोच करून दाखवायची.

सेलूहून वालूरकडं जाताना नदीला लागून आमचं शेत आहे. बांधाच्या पलीकडं सरजाबाईचं दोन खणांचं घर. शेताकडं गेले की तिच्या अंगणात बसणं होतं. ती साठीच्या पुढची आहे, उंच, काटक. उजव्या हाताचा अंगठा कोयत्याच्या मुठीवर वाकडा झालेला. बोलते कमी, पण बोलली की समोरच्याला पाणी प्यावं लागतं.

ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. लग्न झालं त्याच वर्षी दिवाळीनंतर सरजाबाई आणि खंडू एक कोयता होऊन टोळीबरोबर कारखान्याकडं गेले, आणि मग दरवर्षी जात राहिले. पंकजा, त्यांची मुलगी, उसाच्या फडातच रांगायला लागली. ती चालायला लागली त्या वर्षी पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, तेव्हा टोळी माघारी आली आणि खंडू आला नाही. तिकडंच एका बाईशी त्यानं घर केलं होतं.

पुढच्या हंगामाला मुकादम सरजाबाईच्या दारात आला आणि म्हणाला, "बाई, अर्धा कोयता कसा न्यावा?"

"न्या की," सरजाबाई म्हणाली. "दुसरा अर्धा तिकडंच पडलाय. लय गरज लागली तर उचलून आना."

मुकादमानं नेली. तिनं एवढंच पाहिलं की खंडू ज्या कारखान्याच्या हद्दीत होता तिकडं ती गेली नाही. पंकजाचं पेडगावला लग्न होईपर्यंत ती अर्धा कोयता म्हणून राबली. नंतर शेळ्या घेतल्या. गावात तिला काही जण टाकलेली म्हणत, काही जण सती. दोन्ही शब्द तिनं ऐकले असणार. कपाळाला कुंकू होतं, गळ्यात काळे मणी होते, आणि नवऱ्याचं नाव तेवढं तोंडात नव्हतं.

एकदा मी विचारलं होतं, "सरजाबाई, एवढं सगळं झालं, तरी नाव का नाही घेत?"

"घेतलं तर कुठं ऐकायलाय तो?" ती म्हणाली, आणि शेळीच्या पायातला काटा काढायला लागली.

मागच्या दसऱ्याच्या सुमारास खंडू परत आला. तिकडची बाई वारली होती, आणि तिच्या आधीच्या मुलांनी याला घरात ठेवला नाही. हातात एक पिशवी घेऊन तो एसटीतून उतरला आणि सरळ सरजाबाईच्या अंगणात आला. ती शेळीचं दूध काढत होती. तिनं त्याला ओळखलं. भांडं उचललं, आत गेली आणि कडी लावली. खंडू बराच वेळ अंगणात उभा राहिला. मग तो थोरल्या भावाकडं गेला आणि त्याच्या ओसरीवर पिशवी ठेवली.

थोरला भाऊ म्हणजे दिनकरराव. बऱ्यापैकी जमीन, भावकीत शब्दाला मान. नात्यानं सरजाबाईचे भाया, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. त्यांच्यापुढं ती अजून डोक्यावरचा पदर ढळू देत नाही आणि त्यांच्याशी समोरासमोर बोलत नाही. दिवाळीनंतर ते तिच्याकडं आले तेव्हा मी तिथंच हरभऱ्याची भाजी निवडत बसले होते.

"सरजा," दिनकरराव खाटेवर बसत म्हणाले, "झालं ते झालं. म्हातारपनी मानूस जाईल कुठं? घरात घे त्याला."

सरजाबाईनं पदर पुढं ओढला, भिंतीकडं तोंड केलं आणि शेळीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "शेळे, थोरल्यांना म्हनावं, मला एका मानसाचं रांधायची सवय हाय."

"शेळीला काय सांगायलीस? मला सांग की."

"शेळीला समजतंय."

दिनकरराव उठून गेले. पण विषय संपला नाही. कारण त्यांच्या घरातही सुख नव्हतं. त्यांची बायको पार्वतीबाई मला बांधावर गाठून म्हणाली, "ही घरात घेईना, अन् तो आमच्या ओसरीवरून हालंना. मला म्हनतो, वयनी, चहा पातळ झाला. तिकडं जाऊन नवाब झालाय मेला. हिनं एकदा दार उघडलं तर मी सुटते. पर तिला कोन्या तोंडानं सांगू? मी तिच्या जागी असते तर कडीच्या आतून कुलूप बी लावलं असतं."

असं चाललं असताना संक्रांत आली. संक्रांतीनंतरच्या रविवारी दुधनेच्या काठावर मेळा भरतो. सेलूतली काही प्राध्यापक, डॉक्टर, व्यापारी मंडळी आणि आमच्यासारखी घरं मिळून तो भरवतात. सेलू-परभणीहून लोक मुलाबाळांना घेऊन येतात. दुर्बिणीतून पाखरं बघायची, चिखलाची कासवं करायची, कोळ्यांच्या जाळ्यातले मासे हात लावून बघायचे, गरम हुरडा खायचा. दुपारी बायकांचे उखाणे. त्याला अट एकच: उखाण्यात नदी, नाहीतर नदीतलं-काठावरचं काहीतरी आलं पाहिजे. जागा दिनकररावांच्या शेतातली, त्यामुळे माईकही दिवसभर त्यांच्याच हातात असतो.

यंदा काठावर पाखरांच्या नावांच्या पाट्या लावायचं ठरलं. पुस्तकातलं नाव आणि खाली स्थानिक नाव. स्थानिक नावं गोळा करायचं काम निकिताकडं आलं. ती सेलूच्या कॉलेजात शिकते, चित्रं छान काढते आणि ऐकलेलं जसंच्या तसं लिहिते. ती सरजाबाईकडं आली. सरजाबाईनं तिला टिटवी सांगितली, आणि टिटवी पाय वर करून झोपते, आभाळ पडलं तर धरायला, हेही सांगितलं. बगळ्यांच्या तीन जातींना मिळून एकच नाव सांगितलं. बारक्या तपकिरी पाखरांना सरसकट चिमण्या म्हटलं. मग निकितानं मोबाइलवर निळ्या पाखराचा फोटो दाखवला.

"आन् ह्याला काय म्हणतात, आजी?"

सरजाबाईनं फोटो पाहिला. "त्याचं नाव मालकाचं हाय."

"मालक?"

"व्हय. मालकाचं."

निकितानं लिहून घेतलं. मालक म्हणजे आमच्याकडं नवरा, हे तिला माहीत होतं. पण पाखराचंही ते नाव असेल, असं तिला वाटलं. शेतमालकासारखा ऐटीत बसतो, म्हणून म्हणत असतील.

मेळ्याच्या सकाळी मी हुरड्याच्या भट्टीकडं निघाले तर वाटेत पाटी. निळ्या रंगाचं फार देखणं पाखरू, आणि खाली: 'खंड्या. स्थानिक नाव: मालक.' मी निकिताला बोलावून काय झालंय ते सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला.

"काकू, पुसून टाकू का?"

पण तोवर दिनकररावांनी पाटी पाहिली होती, आणि ते खूश झाले होते. माईक बगलेत धरून ते मला म्हणाले, "बघा वहिनी. तोंडानं काही बी म्हनू द्या, मनात अजून मालकच हाय. ऱ्हाऊ द्या पाटी."

या पाटीवरून त्यांनी एक बेत केला आणि दहा वाजेपर्यंत तो सगळ्या भावकीत पोचला. दुपारी उखाण्यांत सरजाबाईचं नाव पुकारायचं. एवढ्या लोकांत बाई नाही म्हणणार नाही. एकदा तिनं चारचौघांत खंडेरावांचं नाव घेतलं की नवरा म्हणून त्याला मानलं, असा अर्थ होतो. मग संध्याकाळी मानाची माणसं बरोबर देऊन त्याला तिच्या घरी पोचवायचा. खंडूची दाढी करून झाली होती. नवी टोपी आणि दिनकररावांचा इस्त्रीचा सदरा घालून, पिशवी पायाशी घेऊन तो काठाजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. हाताचे पंजे गुडघ्यांवर ठेवून, फोटो काढायला बसवल्यासारखा.

सरजाबाईला हे पार्वतीबाईनं सांगितलं. आम्ही तिघी कणसं चोळून हुरडा काढत होतो.

"सरजे," पार्वतीबाई खाली मान घालून म्हणाली, "आज तुला नाव घ्यायला लावनार हायत. घेतलंस तर दिवे लागायच्या आत तो तुझ्या दारात. माझ्या ओसरीचं काय व्हायचं ते होईल. तू बघ बाई."

सरजाबाईनं हातातलं कणीस संपवलं. दाणे पाखडले. "नदी दाखवायला लेकरं खोळंबल्यात," असं म्हणून ती उठली.

मुलांना काठाकाठानं फिरवून आणायचं काम तिचं आणि निकिताचं होतं. दोन घोळके फिरून आले. तिसऱ्या घोळक्यात पिवळ्या स्वेटरची एक परभणीची मुलगी होती, नुकतं वाचायला शिकलेली. दिसेल ते मोठ्यानं वाचणारी. तिनं पाटी वाचली. "मालक! आजी, मालक कुठंय?" की झालं, सगळा घोळका "मालक, मालक" करायला लागला. पालक हसले. खुर्चीवरच्या खंडूनं टोपी नीट केली.

तेवढ्यात ते पाखरू खरंच आलं. पाण्यावर वाकलेल्या बाभळीच्या फांदीवर बसलं आणि मान खाली घालून डोहात बघायला लागलं.

"आजी, हाच ना मालक?" मुलगी म्हणाली.

सरजाबाईनं फांदीकडं पाहिलं. आमच्या भट्टीपाशी कणसं चोळणाऱ्या बायकांचे हात थांबले. पार्वतीबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

"सांगा ना आजी. मालकच ना?"

"न्हाई माय," सरजाबाई म्हणाली. "कशाचा मालक आन् काय. ते चुकून लिव्हलंय. त्याचं नाव येगळं हाय."

"मग काय नाव?"

"खंड्या."

ती हळूच म्हणाली होती. मागच्या मुलांना ऐकू गेलं नाही. "काय? काय म्हणाल्या?" अशी कालवाकालव झाली. सरजाबाईनं हात लांब करून फांदीकडं बोट केलं आणि शेताच्या या टोकाहून त्या टोकाला हाक मारतात तशा आवाजात म्हणाली, "खंड्या! खंड्या!"

"ओ!" मागून आवाज आला.

खंडू खुर्चीवरून उठून उभा राहिला होता. जन्मभर त्याला सगळ्यांनी त्याच नावानं हाक मारली होती, आणि हाक आली की ओ द्यायची ही त्याची सवय होती. कोण हाक मारतंय हे त्याला उभं राहिल्यावर कळलं. दोनचार बायका फस्सकन हसल्या आणि लगेच गप्प झाल्या.

सरजाबाई वळली नाही. फांदीकडंच बघत म्हणाली, "तुमाला न्हाई. पाखराला म्हनले."

पाखरानं सूर मारला, चांदीसारखं काहीतरी घेऊन वर आलं आणि तो मासा फांदीवर दोनदा आपटून गिळून टाकला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाहेरून आलेल्या लोकांच्या दृष्टीनं एवढंच झालं. निकितासुद्धा घोळका पुढं घेऊन गेली.

दिनकरराव मात्र माईक घेऊन धावत आले. "घेतलं की तिनं नाव! म्या माझ्या कानानं ऐकलं. आता उखाण्याची बी गरज न्हाई."

पार्वतीबाईनं सूप खाली ठेवलं. "ऐकलं तर नीट ऐका. तिनं नाव घेतलं न्हाई. टाकलं."

दिनकररावांनी खुर्चीकडं पाहिलं. खंडू परत बसला होता आणि टोपी काढून मांडीवर ठेवली होती. बायकोच्या म्हणण्याचा अर्थ भावाच्या तोंडाकडं बघून त्यांना कळला असावा. जे नाव नवऱ्याचं म्हणून इतकी वर्षं तिनं जिभेवर येऊ दिलं नव्हतं, ते तिनं भर मेळ्यात एका पाखराला देऊन टाकलं होतं. आता ते नाव घ्यायला तिला अडचण नव्हती, कारण ते कुणा मालकाचं राहिलं नव्हतं.

तरी दुपारी दिनकररावांनी ठरल्याप्रमाणे तिचं नाव पुकारलं. ती स्टेजकडं आली नाही. हुरड्याच्या भट्टीतली राख ओढत बसली. दुसऱ्यांदा पुकारलं तेव्हा पार्वतीबाई पदर खोचून स्टेजवर चढली आणि माईक नवऱ्याच्या हातातून घेतला.

"दुधनेच्या डोहात मासा मारतो उडी,
दिनकररावांना सांगते, सोडा आता खोडी."

लोक खूप हसले. तिला स्टीलचा डबा बक्षीस मिळाला.

उन्हं उतरल्यावर मंडप सोडायला सुरुवात झाली. सरजाबाई शेळ्या घेऊन आली, आणि टेम्पोत खुर्च्या भरून घेणाऱ्या दिनकररावांसमोर जाऊन उभी राहिली. डोक्यावर पदर होता, पण तोंड त्यांच्याकडं होतं.

"तुमच्या आखाड्यावरची खोली रिकामी हाय न्हवं? गडी सोडून गेला ती?"

शेतातल्या गोठ्याला आमच्याकडं आखाडा म्हणतात. दिनकरराव तिच्या समोरासमोर बोलण्यानंच एवढे दचकले, की नुसते "व्हय" म्हणाले.

"मंग त्यांना तिथं ठिवा. गुरं राखतील. जाऊबाईची ओसरी मोकळी व्हईल."

"आन् तू?"

"मी हाय तिथं हाय."

दिनकररावांनी थोडा वेळ खुर्च्यांच्या थप्पीवर हात ठेवून विचार केला. बायको डबा काखेत धरून जवळच उभी होती. "बरं," ते म्हणाले.

शेळ्या पुढं, सरजाबाई मागं, आणि तिच्या मागं बऱ्याच अंतरावर पिशवी घेतलेला खंडू, असे ते निघाले. वाट एकच आहे. आमच्या बांधापाशी ती फुटते: उजवीकडं सरजाबाईचं घर, डावीकडं आखाडा. मी उरलेला हुरडा पोत्यात भरत होते, तिथून सगळं दिसत होतं आणि वारा आमच्याकडं असल्यानं ऐकूही येत होतं. वाट फुटते तिथं सरजाबाई थांबली. खंडू जवळ आला, पण दोन हात लांबच उभा राहिला.

"तिकडं," ती म्हणाली आणि डावीकडं हात केला. "खोलीत चूल हाय. सरपन मागं रचलंय. पीठमीठ जाऊबाई धाडतील."

खंडूनं डावीकडं पाहिलं, मग उजवीकडं.

"सरजा, मला रांधता येत न्हाई."

"मला बी ऊस तोडता येत नव्हता."

ती शेळ्या हाकत उजवीकडं गेली. खंडूनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि डावीकडं चालायला लागला. आम्ही टेम्पोत पोती चढवली तोवर आखाड्याकडून धूर यायला लागला होता. काटक्या ओल्या असाव्यात. जाळ दिसत नव्हता, धूरच फार होता.